तिसरी चीर

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बायकोची वाट बघत एक शिंपी बसला होता. शेजारी दोघी बहिणी होत्या. म्हणजे थोरली बसली होती आणि धाकटी येरझारा घालत होती.

"ताई, पिशवीतून वास कसला येतोय?"

"लोबानाचा. बाबांच्या उशाशी ठेवते."

"इथे धूर चालायचा नाही."

"पेटवतंय कोण? नुसता हुंगू दे. जन्मभर झाडांना चिरा देऊन हाच चीक गोळा केला त्यांनी. कपड्यांना धुरी याचीच, जखमेला लेपही याचाच."

"विषय बदलू नकोस. डॉक्टर येतील आत्ता. तिसऱ्यांदा पोट उघडायचं का, ते सांग."

"आधी बस. माझं डोकं गरगरतंय."

"बसवत नाही गं. बाबा झाडाला तिसरी चीर द्यायचे?"

"पहिलीचा चीक टाकून द्यायचे, दुसरीचा घ्यायचे. तिसरीच्या आधी झाडाला हात लावून उभे राहायचे. कधी चीर द्यायचे, कधी सुरी कमरेला खोचून पुढे जायचे."

"ते कशावरून ठरवायचे?"

"कधी विचारलंच नाही त्यांना."

"आजही कुठे विचारलंय? शुद्धीवर आहेत ते, ताई."

थोरलीने लोबानाचा खडा मुठीत घेतला आणि वॉर्डाचं दार ढकललं. शिंप्याने पाय आखडून धाकटीला वाट दिली.