दहा फुल्या, चार गोल

(शिवणघर. बायका घरी गेल्यात. दोन जावा बेतायच्या टेबलावर कापडाची घडी घालताहेत.)

थोरली : ...म्हणून म्हणते, कपाटाची किल्ली आता तुझ्याकडेच ठेव. शिवणघराची प्रमुख तू.

धाकटी : राहू द्या, जाऊबाई.

थोरली : अगं, काल निवड झाली ना? दहा मतं तुला, चार मला. टाळ्याही वाजल्या.

धाकटी : तेच सांगायचंय. तोंड उघडायची लाज वाटतेय.

थोरली : सांग. आणि कापड ओढू नकोस, तिरकं होतंय.

धाकटी : चिठ्ठ्यांचा डबा सगळ्यांसमोर उघडायचा असतो. मी आदल्या रात्री घरी नेला. म्हटलं, नुसतं डोकावू. तिथे परदेशात, शिलाईच्या कारखान्यात बायकांची प्रतिनिधी म्हणून मी दोनदा निवडून आले होते, इथेही येणारच असं धरून चालले होते.

थोरली : मग?

धाकटी : तुमच्या नावाच्या फुल्या दहा निघाल्या. माझे गोल चार. काल सकाळी मी उलटं वाचलं. चिठ्ठ्या चुलीत घातल्या.

थोरली : हं.

धाकटी : हं काय? ओरडा तरी. जीव घेऊन पळालो, नऊ वर्षं परक्या देशात काढली. तिथे बेतायला शिकले, कॉलर बसवायला शिकले, आणि हे चिठ्ठीचं. कुणाला घाबरून हात वर करावा लागू नये म्हणून चिठ्ठी, असं तासभर तुम्हाला मीच समजावलं. आणि मीच शेण खाल्लं.

थोरली : पण का गं?

धाकटी : राग आला. तुम्हाला साधी कॉलर जमत नाही, तरी तुम्हीच.

थोरली : नाहीच जमत. पण लढाईत या पाच मशिनी वैरणीखाली मी दडवल्या. ती मतं त्याची आहेत.

धाकटी : उद्या सगळ्यांसमोर खरं सांगते.

थोरली : त्यांना माहीत आहे.

धाकटी : कसं? मत गुप्त होतं.

थोरली : तुझं गुप्त दारापर्यंत. बाहेर पडल्या पडल्या नळावर सगळ्यांनी एकमेकींना सांगून टाकलं. तुझ्या चौघी तर माझा हात धरून म्हणाल्या, राग मानू नका, तिची शिलाई सरळ येते. आमच्या पोटात काही राहतं का कधी?

धाकटी : म्हणजे काल मी आकडा वाचत होते, तेव्हा...

थोरली : चौदाही जणींना खरा आकडा ठाऊक होता. मलाही.

धाकटी : मग कुणी बोललं का नाही? टाळ्या कशाला वाजवल्या?

थोरली : तू रुसून परत गेलीस तर? कॉलर अजून अर्धीच शिकून झालीय.

धाकटी : मी गेले नसते, जाऊबाई.

थोरली : ते आम्हाला काय माहीत? तू गेलीस त्या वर्षी बंदूकवाल्यांनी आम्हाला शाळेच्या पटांगणात उभं केलं आणि त्यांचा माणूस गावाचा प्रमुख म्हणून जाहीर केला. तेव्हाही वाजवल्या होत्या. हातांना सवय आहे गं.