मीटरवाला आला

नाही वहिनी, बसा तुम्ही, मी उभीच बरी — डॉक्टर आत आहेत ना, डोळा वाचेल, वाचतात हल्ली. मी कोण? घाटकोपरची, संघमित्रा. मिथुनभाऊ ज्या बिल्डिंगमध्ये मार खाऊन — हो, तिथलीच. डबा आणलाय, नुसता वरणभात आहे.

त्यांना मारायचं नव्हतंच कुणाला. सोसायटीचा ठराव झालाय ना, नवे मीटर बसवू द्यायचे नाहीत, पळतात म्हणे ते — आणि मिथुनभाऊ आमची लाईट जोडायला आले तेव्हा मी ग्रुपवर टाकलं, 'मीटरवाला आला'. आता आमच्याकडे फ्यूज बांधायला आला तरी मीटरवाला, रीडिंगला आला तरी मीटरवालाच. सातवीला सायन्स शिकवते मी, एक ओळ धड लिहिता येऊ नये? मला वाटलं, आणखी कुणाचा फेज गेला असेल तर त्यांनाही कळू दे. तर सेक्रेटरी धम्मपाल पाइप घेऊनच उतरले, मागून सगळा मजला. कॉलर धरून भिंतीवर आपटलं, एकदा नाही, तीनदा — दात पडला तो लादीवर टणकन वाजला.

मी वर? नाही हो, खालीच होते. मीटररूममध्ये भर दुपारी काळोख, म्हणून मिथुनभाऊंनी मला बॅटरी धरायला दिलेली — लोखंडी, जड. माझी ऋतिका दहा महिन्यांची, वर सासूबाईंच्या मांडीवर धापा टाकत होती, नेब्युलायझर लागतो तिला, आणि घरात लाईट नाही. वर्गात फळ्यावर काढते मी — चंद्रपूरला कोळसा जळतो, खोपोलीला पाणी पडतं, तिथून तारा, मग घर — शेवटच्या वीतभर वायरीला माणूस लागतो, तो नाही काढला कधी.

कंप्लेंट मीच केली होती. मिथुनभाऊ सरपटत आले, माझा पाय धरला, म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बोलावलंत ना, सांगा ना यांना." धम्मपाल वळले — "तू बोलावलंस?" — पाइप तसाच वर. आम्ही भाड्याने राहतो वहिनी. मी म्हटलं, "मी ओळखत नाही याला."

लाईट? आली होती हो तोवर. तार जोडून झाली होती त्यांची, वर मशीनची घरघर ऐकू येत होती मला. पण ते पाय सोडेनात, आणि सगळे बघतायत — म्हणून मग एकदाच, हातात जे होतं ते — डोळ्यावर नव्हतं मारायचं —

अहो, मनगट सोडा माझं. वहिनी, डबा गरम आहे, वहिनी —