शेजारच्या तुकडीच्या बाई

...टाळ्या! अहो, भाषेच्या तासाला टाळ्या कधी ऐकल्यात तुम्ही? मी इकडे सातवी 'अ'ला फळ्यावर गोष्टीचा डोंगर काढून दाखवतेय, हा पायथा म्हणजे सुरुवात, ही चढण म्हणजे गुंतागुंत, हे टोक म्हणजे उत्कर्षबिंदू... एकोणीस वर्षं तोच डोंगर, डोळे मिटून काढेन... आणि भिंतीपलीकडे 'ब' तुकडीत त्या नव्या बाईंच्या तासाला टाळ्या! जळत नाही हं मी, तुम्हाला सांगते, मी आपलं विचारतेय.

त्यात माझी लेक त्यांच्याच वर्गात. शाळेचा नियमच तसा, शिक्षकाचं मूल त्याच्या स्वतःच्या तुकडीत नको. मग काय, जेवायला बसलं की सुरू, "आई, आमच्या बाईंनी आज गोष्टच कापली! पट्ट्या केल्या, आम्ही जमिनीवर बसून लावल्या, शेवट आधी लावून बघितला, कसली मजा आली!" आमच्या बाई म्हणे! आणि मी कोण? डबा भरणारी? "आई, तू पण कर ना गं असं." म्हटलं, मुकाट्यानं जेव.

जळत नाही हं मी... पण केल्या ना पट्ट्या! बोट कापून घेतलं, बारा पट्ट्या केल्या, आणि गोंधळ नको म्हणून, सवय हो जन्माची, प्रत्येकीच्या मागे सुबक आकडा घातला, एक ते बारा! कार्ट्यांनी पट्ट्या उलटल्या, अर्ध्या मिनिटात गोष्ट तयार. "बाई, झालं! आता काय करू?" आता काय करू! अख्खा तास उरलेला! काढला परत डोंगर.

शाळाभर झालं. घरी लेक खुदकन हसली. तीन दिवस बोलले नाही मी तिच्याशी. जळत नाही हं, घसा बसला होता.

आणि तेवढ्यात चाचणी. आमच्याकडे पेपर अदलाबदलीने तपासतात, 'ब'चा गठ्ठा माझ्याकडे, तो घेऊन घरी बसले. नाव नसतं, नुसता हजेरी क्रमांक, पण पोटच्या पोरीचं अक्षर ओळखू येणार नाही होय? प्रश्न काय, तर खऱ्या घडलेल्या प्रसंगाची गोष्ट करा आणि तिचे भाग सांगा. वाचते तर...

"मुख्य पात्र : 'अ' तुकडीच्या बाई. पात्राला काय हवंय : आपल्या मुलीला आपलंही शिकवणं आवडावं. अडथळा : त्या हे कबूल करत नाहीत. उत्कर्षबिंदू : पट्ट्यांचा तास. शेवट : अजून झालेला नाही. पात्र मुलीशी बोलत नाही. मुलगी वाट बघतेय."

अहो, पाणी आलं डोळ्यांत! लाल पेन घेऊन चूक शोधली, उलटसुलट शोधली, एक सापडेल तर शपथ! शेवटी उठले, आत गेले, म्हटलं, "चल गं, जेवायला." तिनं गळ्यातच हात टाकले.

दहापैकी दहा दिले. न देऊन सांगते कुणाला? मुलगी माझी, गोष्ट माझी, फजिती माझी... आणि निकाल लागला तेव्हा टाळ्या, अर्थातच, 'ब'च्या बाईंना!