मे महिन्यातलं पाणी

घर भाड्याने घेताना पाण्याचं मालकाला विचारायचंच नाही, हे माझं ठाम मत आहे.

२००१ साली बँकेने माझी सोलापूरहून रत्नागिरीला बदली केली. गणपती नुकतेच झाले होते. भाट्ये गावात तीन घरं पाहिली. तिन्ही विहिरी काठोकाठ भरलेल्या आणि तिन्ही मालकांचं उत्तर एकच, "बारा महिने पाणी!"

मी सोलापूरची. पाण्याच्या बाबतीत मला कोण फसवणार? दारोदार मासे विकणाऱ्या हमिदाबींना मी रस्त्यात गाठलं आणि ती तीन घरं सांगून विचारलं, "मे महिन्यात मासे दिल्यावर हात धुवायला पाणी कुठल्या घरी मिळतं?"

त्या म्हणाल्या, "पहिल्या घरी हातावर चमचाभर ओततात. दुसऱ्या घरची बाय पाणी म्हटलं की आत जाते, ती येतच नाय. तिसऱ्या घरी सांगतात, घे कळशी, पायजे तेवढं काढ."

मी त्याच दिवशी तिसरं घर घेतलं. सात वर्षं राहिले, विहीर एकदाही आटली नाही.

पण पहिल्याच सकाळी हमिदाबी पाटी घेऊन दारात हजर. "बाय, ताजे बांगडे आणलेत."

"अहो, मी मासे खात नाही."

त्यांनी पाटी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. "हे आधी नाय सांगायचं? पहिल्या घरी पाठवली असती तुला!"