मयूरचा जोडीदार

कुवेतमध्ये फहाहीलला जाणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर दोघे मराठीत बोलत होते.

“चंद्रहास, तुझा मुलगा मयूर अजून मनिलातच?”

“हो. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी झालाय ना. दारोदार फिरतो, लोक तोंडावर दार लावतात.”

“फोन करतो?”

“दर सोमवारी, आईला.”

“आणि तू?”

“त्यानं धर्म बदलला तेव्हापासून त्याच्याशी बोललो नाही. पण या मिशनऱ्यांना एकटं राहू देत नाहीत, प्रचाराला दिलेला जोडीदार कायम शेजारी. त्यालाच इंग्रजीत विचारतो, पोरगं जेवतं का, बूट धड आहेत का.”

“मयूरसमोर?”

“तो ऐकत बसतो.”

“मग झालं की.”

“आता जोडीदार बदललाय. नव्याला इंग्रजी येत नाही.”

“मग काल?”

“हिनं नेहमीसारखा फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मयूर थांबला होता. मग त्यांची फोनची वेळ संपली.”