नाव भावाचं, घर मालनचं

जागेचा कागद लिहिणाऱ्या म्हाताऱ्या लेखनिकाने मालनला तेव्हाच सांगितलं होतं. "बाई, पैसा तुमचा, मग नाव भावाचं कशाला? आणि घालायचंच असेल तर त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या. साक्षीदार मी देतो." मालन हसली. "ज्याला ओवाळते, त्याच्याकडून लिहून घेऊ होय?" असं म्हणाली आणि कागदावर भावाचं नाव घालून उठली.

मंडळी, आज कीर्तनाला एवढाच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभी आहे – ज्याच्या नावावर, त्याचंच का ते? थांबा, घाईने माना हलवू नका! या देवळामागची दोन एकर जमीन कुणाची? देवाची. देव कधी ती नांगरायला गेलाय? नाही. मग बघतं कोण? हे पुढे बसलेले विश्वस्त – बघा, लगेच सावरून बसले! त्यांच्या हातात किल्ली आहे, मालकी नाही. देवळात हे आपल्याला चटकन कळतं. घरात का कळत नाही? ऐका.

मालन कासार आष्ट्याची. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी नवऱ्याने टाकली. सोडचिठ्ठी दिली नाही, नांदवलंही नाही. माहेरी आली तर आईवडील गेलेले, धाकटा भाऊ दिनकर शाळेत शिपाई. मालनने बांगड्यांचा भारा खांद्यावर घेतला आणि गावोगाव फिरली. किती वर्षं? अकरा. त्या फिरण्यातून जागा झाली, जागेवर चार खोल्या झाल्या. मग नाव तिचं का नाही? तर भीती! उद्या तो नवरा दारात येऊन म्हणाला, बायकोचं ते माझं, तर? कायद्यात असं काही नव्हतं हो. पण तिला सांगणार कोण? ज्याने शहाणपणाचं सांगितलं, त्याला ती हसून आली होती.

दिनकर मात्र सोन्यासारखा. वास्तुशांतीला उंबऱ्यातच म्हणाला, "आक्का, नाव माझं, घर तुझं. मी नुसता राखणदार." आणि वागलाही तसाच. भिंतीत खिळा ठोकायचा तरी बहिणीला विचारायचा. त्याची बायको सुनंदा चिडायची. "श्वास घ्यायच्या आधीपण वन्संना विचारून या," असं म्हणायची. आता हसताय, पण तुमच्याकडे वेगळं आहे का?

मग दिनकर गेला. छातीत कळ आली आणि गेला. त्याच्या जागी कागदावर दोन नावं चढली – सुनंदाचं आणि मुलगा केतनचं. वर्ष सरल्यावर केतनने घर विकून सांगलीत फ्लॅट घ्यायचं ठरवलं. मालन म्हणाली, घर माझं आहे. केतन भांडला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "आत्या, कागदावर कुठे आहे तुझं नाव?"

चौसष्ट वर्षांची बाई. उठून पुढच्या खोलीत गेली.

त्या दिवसापासून घरात बोलणं संपलं. स्वयंपाकघर एक, शेगड्या दोन. सुनंदा आत आली की मालन बाहेर. एका घरात राहून दोघी एकमेकींच्या पावलांचा अंदाज घेत जगायच्या. मालन पुढच्या खोलीत बांगड्या विकत होती. हात बघितला की माप कळायचं तिला, चाळीस वर्षांचा सराव. तरी ती गिऱ्हाईक बाईला माप विचारायची. आधी भरल्या होत्या त्या घट्ट होत्या का, घरी कोण कोण असतं, लेक कितवीत आहे... एवढंच कारण, की समोरची थोडा वेळ बोलावी. बाई उठून गेली, की दिवसभराचं बोलणं झालं.

शेवटी ती वकीलबाईकडे गेली. वकीलबाईने समजावलं – विश्वासाने दुसऱ्याच्या नावावर ठेवलेलं असेल, तर नाववाला मालक नाही, राखणदार. कायदाही हे मानतो. पण विश्वास सिद्ध करावा लागतो. दिनकरचा शब्द ऐकलेलं कोण आहे?

कोण होतं? लेखनिक वारला होता. वास्तुशांतीचे पाहुणे जेवून गेले, त्यांना जिलेबी आठवत होती. शब्द ऐकलेलं जिवंत माणूस एकच – सुनंदा! जिच्याविरुद्ध दावा, तीच साक्षीदार. आता सांगा, मंडळी, तिच्या जागी तुम्ही असता तर?

केतनने आईला पढवून कोर्टात नेलं होतं. फक्त "आठवत नाही" म्हण. खोटं बोलायचं नाही, नुसतं आठवायचं नाही! सुनंदा पिंजऱ्यात उभी राहिली. वकीलबाईने विचारलं, नवरा असं म्हणाला होता का? न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. केतन तिच्याकडे बघत होता, मालन बघत नव्हती. मग सुनंदा म्हणाली –

"म्हणाले होते. एकदा नाही, दर भाऊबीजेला पाटावर बसले की म्हणायचे. मला राग यायचा. म्हणून तर नीट लक्षात आहे."

निकाल लागला. नाव भावाचं असलं तरी घर मालनचं. भावामागून वारसांकडे आली ती राखण, मालकी नाही. न्याय झाला. आपलं आख्यान इथे संपायला हवं, नाही का? टाळ्या वाजवायच्या आणि प्रसाद घ्यायचा!

पण मालन घरी आली, तेव्हा दारात टेम्पो उभा होता. केतनने सामान भरलं, आईला घेतलं आणि स्टँडमागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आईला नेलं खरं, पण तो तिच्याशी बोलत नाही. ताट वाढून मिळतं, सोबत मिळत नाही. हे मालनला कळलं गिऱ्हाइकांकडून. तिला चार खोल्या परत मिळाल्या, ती राहते बांगड्यांच्या एका खोलीत. एकदा सुनंदाकडे जायला चप्पल घालून निघालीसुद्धा. कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे विचार आला – जाऊन म्हणू काय? माझ्यासाठी खरं बोललीस आणि माझ्याचमुळे बेघर झालीस, असं म्हणू? परत फिरली. आणि सुनंदा का येत नाही? आली तर गाव म्हणेल, डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून साक्ष दिली. दोन गल्ल्यांचं अंतर, हो! दोघी एकेकट्या जेवतात.

मंडळी, मघापासून तुमचा जीव मालनसाठी तुटतोय. मला घोर लागलाय सुनंदाचा. हक्क मागणाऱ्याला निदान वकील असतो. आपल्याच माणसांविरुद्ध खरं बोललेल्या बाईला कोण असतं? मी आई आहे. माझा मुलगा उद्या मला म्हणाला, "नुसतं आठवत नाही म्हण," तर मी काय करेन, याची मला आज खात्री नाही. तुम्हाला आहे?

घरी जाऊन कागदावरची नावं वाचा. आपण कशाचे मालक आणि कशाचे राखणदार, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. पण ते उद्या केलं तरी चालेल. आधी दुसरं करा. तुमच्या गल्लीत अशी एक असेलच – खरं बोलली आणि घरातून तुटली. कुणाच्या तोंडात तिचं नाव नसतं. आरती झाली की सरळ घरी जाऊ नका. तिच्या दारात जा. भांडणाचं विचारू नका. आत जाऊन बसा. ती बोलली नाही, तर ती बोलेपर्यंत बसून राहा.