मैनेचं तूप

बायडाबाई : तेच तर सांगते, बाई. आमच्या शालूचं लगीन दोन हजार नऊला झालं. त्या मांडवात माझी नात मैना हसता हसता मटकन खाली पडली. सात वर्सांची पोर. आमाला वाटलं, सोंग करती.

श्यामला : हसू आलं की अंगातलं बळच जायचं तिच्या. या आजारात तसं होतं, आजी.

बायडाबाई : पुढं तुमी तिच्या दंडाची चिमूटभर कातडी तपासाया नेली. त्यात काय घावलं, ते इचाराया आले. स्वारगेटला गाडी बदलून. खरं सांगायचं. मी कच्ची न्हाय.

श्यामला : कच्ची माणसं प्रयोगशाळेचे तीन जिने चढत नाहीत. या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. त्या कातडीतल्या पेशी आम्ही वाढवल्या, रंगवल्या. निळं दिसतंय?

बायडाबाई : दिसतंय. मधी गोळा झालंय.

श्यामला : ती चरबी. पेशीच्या आत बारीक पिशव्या असतात, माल इकडून तिकडं नेणाऱ्या. त्या पिशव्यांचं कापडच चरबीचं. चार तऱ्हेच्या चरब्या प्रमाणात असल्या, तर पिशवी वाकते, सुटते, पुढं जाते. एकच साठत गेली, की कापड ताठरतं. पिशवी जागीच अडकते, माल पोचत नाही. मेंदूला ते सोसत नाही.

(बायडाबाई मागे सरकून खुर्चीत बसतात.)

बायडाबाई : म्हंजे चरबीच. दात आल्यापासनं तूप चारलं मी तिला. घरच्या म्हशीचं. मीच मारली पोर.

श्यामला : नाही हो. ही चरबी तुमच्या तुपातली नव्हे. शरीर ती स्वतः बनवतं, पेशीला ती लागतेच. ती पुढं सोडणारं दार मैनेला जन्मतःच मोडकं मिळालं. अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून. त्यांचाही दोष नाही. तुम्ही थेंबभर तूप दिलं नसतं, तरी हेच झालं असतं.

बायडाबाई : थेंबभरबी न्हाय?

श्यामला : थेंबभरही नाही.

बायडाबाई : डॉक्टर म्हनले, चरबी साठती. तवा शेवटचं वरीसभर मी तूप तोडलं तिचं. कुनी सांगितलं न्हवतं, माझंच डोकं. बोलता येईना, तर बरणीकडं हात करायची. मग मी बरणी माळ्यावर टाकली.

श्यामला : आजी...

बायडाबाई : ऱ्हाऊ द्या. खरं सांगा, म्हनले व्हते मीच.

श्यामला : पाणी देऊ?

बायडाबाई : नको. ह्या पेशी जित्या हायेत?

श्यामला : रंगवलेल्या जिवंत नाहीत. शेजारच्या बाटलीतल्या आहेत. घरच्यांना नको असतील, तर वाढवणं बंद करू.

बायडाबाई : नगा करू. त्येंना खायाला काय लागतं?

श्यामला : साखर, क्षार, असंच. दर दोन दिवसांनी ताजं घालतो.

बायडाबाई : येळेवर घालत जा. ताटकळत ठिवू नगा.

श्यामला : नाही ठेवणार. तिच्या नोंदीत शेवटची ओळ कोरी आहे. सांगाल?

बायडाबाई : लिवा. मैना, संपतची लेक, ऱ्हानार वारजे. वय बारा. पोळ्याआधी पाच दिवस, बुधवारी सकाळी, घरीच वारली. वीस ऑगस्ट, दोन हजार चौदा.